मधलं पान

४ मार्च

काका,

साष्टांग नमस्कार. तुम्ही म्हणाल, आज मुंगीला काकांची आठवण कशी झाली? कामाशिवाय मी पत्र लिहीत नाही हे खरं आहे, आणि आजही कामच आहे, तेव्हा आधीच कान धरते. फोन केला असता, पण तुम्हाला आता फोनवरचं ऐकू येत नाही. काकूच्या मोबाइलवर निरोप पाठवला असता, तर संध्याकाळपर्यंत तो सगळ्या खानदानाने वाचला असता. म्हणून कागद.

आपलं डायलिसिसचं यंत्र, ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, तुम्ही बारा वर्षांपूर्वी लिहिलात, त्याच्यावर बालंट आलंय. खरं तर यंत्रावर नाही, एका बाईवर आलंय. १९ फेब्रुवारीला इथल्या हॉस्पिटलात एका पेशंटच्या रक्ताच्या नळीत हवेचा मोठा बुडबुडा गेला. यंत्राने ओरडायला हवं होतं आणि नळी चिमटून बंद करायला हवी होती. दोन्ही झालं नाही. तिथल्या तंत्रज्ञ बाईने बुडबुडा पाहिला आणि हाताने नळी दाबून धरली. तोवर थोडी हवा गेली होती. पेशंट, एक म्हातारे शिंपी, चार दिवस अतिदक्षता विभागात होते, आता घरी आहेत.

यंत्र आपल्या आपण जी नोंदवही ठेवतं, त्या आमच्या लॉगमध्ये त्या दिवशी अलार्मची एकही नोंद नाही. मग साहेबांनी लिहून दिलं की यंत्र ठणठणीत होतं, बाईने नळी सेन्सरमध्ये नीट बसवली नसावी. बाई निलंबित. २८ मार्चला हॉस्पिटलची चौकशी समिती बसणार आहे आणि त्या दिवशी तिची नोकरी राहते की जाते ते ठरेल. पेशंट तिला सुईवाल्या ताई म्हणतात, कारण तिची सुई टोचलेली कळत नाही. बावीस वर्षं हेच करतेय ती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं चाललंय असं मला वाटतं, पण चोर सापडत नाहीये.

आता कामाचा प्रश्न. तुम्हीच मला शिकवलं होतं: कर्नेल, म्हणजे यंत्रातला मुख्य प्रोग्राम, हा घरचा कर्ता असला तरी सेन्सरच्या बोर्डावरच्या मेमरीला त्याला सरळ हात लावता येत नाही. ती जागा आधी आपल्या पत्त्यांत आणून घ्यावी लागते, म्हणजे शेजाऱ्याच्या कपाटाला आपल्या भिंतीतून दार पाडायचं. कुठून पाडायचं आणि केवढं, ते आपण सांगायचं. आपल्या बोर्डावर अशी तीन पानं आहेत, चार-चार किलोबाइटची. तुमच्या मूळ कोडमध्ये लॉगवाल्या भागाने पहिलं आणि तिसरं पान मॅप केलंय आणि मधलं सोडलंय. मधलं फक्त अलार्मचा भाग वापरतो. हल्ली तीनही पानं एका फटक्यात मॅप होतात आणि लॉगचा प्रोग्राम दर सेकंदाला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतो.

तुम्ही मधलं पान का सोडलं होतं? काही कारण होतं का? जमलं तर उलट टपाली कळवा. मी थकलेय काका. सकाळी आठला प्रयोगशाळेत शिरते, सातला निघते, आणि घरी जाऊन भिंतीकडे बघत बसते.

तुमची मुंगी

·

१० मार्च

प्रिय मुंगे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग.

म्हणजे बारा वर्षांनी त्यांना म्हातारा आठवला. मी निघालो तेव्हा निरोपाच्या समारंभात साहेबाने माझं नाव चुकीचं घेतलं होतं, ते तुला सांगितलंच असेल. आता बुडबुडा गेला तर कोड कुणाचा? म्हाताऱ्याचा! सांग तुझ्या साहेबाला, माझ्या काळात त्या यंत्राचा अलार्म एकदाही चुकला नाही. माझ्यामागे कुणी त्यात काय कालवाकालव केली त्याला मी जबाबदार नाही.

दोन पानं का मॅप केली म्हणतेस. दोनच लागत होती म्हणून केली. गरजेपेक्षा जास्त दार पाडू नये, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. बाकी आता आठवत नाही. वयाचा मान ठेव आणि जुन्या गोष्टी उकरू नकोस. पण ती तीनही पानं एकत्र करण्याचा शहाणपणा कुणाचा, ते मात्र मला कळव. त्याचं नाव कळलं तर बरं वाटेल.

काकूच्या खुब्याचं हाड जुळतंय. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते आणि मी भांडी चुकीची लावली म्हणून परत जाते. तिला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, मग कपडे, मग औषधं. दुपारी दोनला खुर्चीत टेकतो आणि चहा हातातच गार होतो. तक्रार नाही. चाळीस वर्षं तिने केलं, आता माझी पाळी.

मला बाईचं वाईट वाटलं. पण हॉस्पिटलं अशीच असतात.

काका

·

१४ मार्च

काका,

तुमच्या कोडवर कुणीही बोट ठेवलेलं नाही. तुमचं नावही इथे कुणी घेतलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते माहीतही नाही. रागावू नका, पण माझ्याकडे चौदा दिवस आहेत आणि त्यातले चार-पाच तुमचे टपालवाले खातात.

परवा लॉग आणायला हॉस्पिटलात गेले होते. सुईवाल्या ताई तिथे कपाट रिकामं करत होत्या. त्यांना वाटलं मी कंपनीची, म्हणजे शत्रुपक्षाची. आधी बोलेचनात. मग मीच विचारलं, त्या दिवशी काहीच आवाज झाला नाही का? त्या म्हणाल्या, "झाला होता. टुक. पुरा आवाजसुद्धा नाही, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. म्हणून तर मी वळून पाह्यलं. नाहीतर मी दुसऱ्या पेशंटची पट्टी करत होते." हे त्यांनी लेखी दिलंय. त्यावर साहेबांनी शेरा मारलाय: लॉगचा दुजोरा नाही.

काका, बोर्डावर जो छोटा बझर आहे तो 'टुक' करूनच सुरू होतो. हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. बाई खोटं बोलत नाहीये.

मग मी टेबलावर यंत्र लावलं आणि नळीतून मुद्दाम बुडबुडे सोडले. पन्नास वेळा. त्रेचाळीस वेळा अलार्म बरोबर वाजला. सात वेळा नाही. त्या सातही वेळा 'टुक' झालं आणि गप्प. पंप चालूच. साहेबांना दाखवलं. म्हणाले, टेबलावरच्या वायरी ढिल्या असतील, तू घरी जा, तुझे डोळे बघ कसे झालेत. आईनेही काल फोनवर तेच म्हटलं.

पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते मधल्या पानात मुरतंय असं माझं मन सांगतं. त्या बोर्डाची पुस्तिका म्हणजे तेरा पानी झेरॉक्स आहे, त्यात मेमरीच्या मधल्या पानापुढे 'स्थिती' एवढा एकच शब्द छापलाय. बोर्ड बनवणारे तुमचे मित्र आता नाहीत. उरलात तुम्ही. ती पानं कुणी एकत्र केली ते आत्ता महत्त्वाचं नाही. आठवून बघा ना, काका. पाया पडते.

मुंगी

·

१८ मार्च

मुंगे,

पन्नासातले सात हा आकडा वाचला आणि मी खाली बसलो. काकू विचारत होती काय झालं, तिला म्हटलं गुडघा.

नीट वाच. मधल्या पानावर बुडबुड्याचं रजिस्टर आहे, म्हणजे एका आकड्यापुरती जागा. बुडबुडा सेन्सरसमोरून गेला की त्यात खूण होते आणि बझर वाजायला लागतो. ते रजिस्टर एकदा वाचलं की कोरं होतं. कुणीही वाचलं तरी कोरंच होतं. बोर्डवाल्याने ते तसंच केलं होतं, म्हणजे एक बुडबुडा दोनदा मोजला जायला नको. अलार्मचा भाग ते सेकंदाला पाच वेळा वाचतो. खूण दिसली की चिमटा बंद करतो आणि मोठा भोंगा वाजवतो. आता तुमच्या लॉगचा प्रोग्रामही दर सेकंदाला तेच वाचतो. बहुतेक वेळा अलार्म आधी पोचतो. दहातून एखाद्या वेळी लॉग आधी पोचतो. तो खूण वाचतो, रजिस्टर कोरं होतं, बझर टुक करून गप्प, आणि अलार्मचा भाग येतो तेव्हा तिथे काहीच नसतं. लॉगवाल्याला त्या आकड्याचा अर्थ माहीत नाही. तो हजारो आकड्यांत तो एक आकडा ठेवून देतो. नोंद शोधायची तर 'अलार्म' म्हणून शोधू नकोस. १९ तारखेच्या कच्च्या आकड्यांत मधल्या पानाचा सातवा आकडा बघ.

म्हणून ते पान मी लॉगला दिलं नव्हतं. दारच पाडलं नव्हतं, म्हणजे चुकून कुणाचा हात जायला नको.

आता दुसरी गोष्ट, आणि ती लिहायला मला ही तिसरी सकाळ लागलीय. मी 'आठवत नाही' असं लिहिलं ते खोटं होतं. तुझं पहिलं पत्र फोडलं तेव्हाच आठवलं होतं.

ते कोड लिहिलं ते माझं शेवटचं वर्ष होतं. माझ्या जागी कोण बसणार ते ठरलं होतं, मला कुणी विचारत नव्हतं. बोर्डवाल्याने रजिस्टरचं सांगितलं ते जिन्यात, चहा पिता पिता. कोडमध्ये त्यावर एक ओळ टीप लिहायची होती. एकच ओळ. मी ती लिहिली आणि पुसली. मला वाटलं, एवढं एक माझ्याजवळ राहू दे. कधीतरी कुणी अडेल, मग फोन येईल, काका जरा सांगता का म्हणून. फोन आलाच नाही. मग कान गेले, आणि मग आला असता तरी काय.

तुझं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला, मुंगे. तिकडे एका बाईचं घर बसायची वेळ आलीय हे वाचूनही आधी आनंद झाला. म्हटलं, आता जरा आर्जवं करू दे. त्यात तुझे आठ-नऊ दिवस गेले. मला लाज वाटते.

ज्याने पानं एकत्र केली त्याला काही बोलू नकोस. त्याची चूक नाही. दाराला कडी का आहे हे मी लिहून ठेवलं असतं तर त्याने ती काढली नसती.

काका

·

२२ मार्च

काका,

तो मी आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी तो भाग आवरायला घेतला. तुमचं दोन तुकड्यांचं मॅपिंग पाहिलं आणि मनात म्हटलं, काका म्हातारे झाले होते, कंटाळा केलेला दिसतोय. तीनही पानं एका ओळीत घेतली. चौदा ओळी कमी झाल्या. शिवाय वाटलं, सगळीच पानं लॉगमध्ये असलेली बरी, उद्या काही झालं तर पुरावा राहील. जास्त लक्ष ठेवावं म्हणून केलं हो. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आजी म्हणायची, ते मला उद्देशूनच असणार.

पहिल्या पत्रापासून हे तुमच्यापासून लपवलं. वाटलं, तुमच्याकडून कारण निघालं नाही तर सांगायची वेळच येणार नाही. तुम्ही लाजेचं लिहिलंत, आता माझीही त्यात धरा.

मधलं पान लॉगमधून काढलं. पन्नास बुडबुडे, पन्नास अलार्म. मग दोनशे सोडले, दोनशे अलार्म. १९ फेब्रुवारीच्या कच्च्या आकड्यांत सातवा आकडा सापडला, अकरा वाजून सहा मिनिटं बावीस सेकंदांना. महिनाभर तो आमच्याच कपाटात पडून होता. मी त्या ओळीवर बोट ठेवून किती तरी वेळ बसले होते.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. समितीला लिहू की दोष आढळला नाही, पण शंकेचा फायदा बाईंना द्यावा, म्हणजे बडतर्फी टळेल, बदलीवर भागेल. "तू कशाला मध्ये पडतेस? तुझंच नाव येईल." आणि मग म्हणाले, त्या एका आकड्यावरून काय सिद्ध होतं? रजिस्टर वाचल्यावर कोरं होतं हे कुठल्या कागदावर आहे? कुठल्याच नाही. तुमचं पत्र आहे, पण त्यात काकूचा खुबा आहे आणि माझं मुंगीपण आहे, ते मी समितीसमोर कसं ठेवू?

मला तुमच्याकडून एक कागद हवा आहे. रजिस्टरचं, आणि ते लॉगला का दिलं नव्हतं त्याचं. सही, तारीख, तुमचा तेव्हाचा हुद्दा. २७ पर्यंत पोचायला हवा. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, तुम्हीही तसंच करा. नाही आला तरी मी बोलणार आहे. पण मला बोलताना रडू येतं, हे तुम्हाला माहीत आहे. कागदाला येत नाही.

मुंगी

·

२५ मार्च

मुंगे,

कागद सोबत आहे. काकूला सगळं सांगितलं. ती वॉकर सोडून टेबलाशी बसली आणि तिने मला तो तीनदा लिहायला लावला, कारण पहिल्या दोन्हींत मी टीप पुसल्याचं गाळलं होतं. आता आहे. 'कारण मला माहीत होतं आणि मी ते जाणूनबुजून लिहून ठेवलं नाही' असं स्पष्ट लिहिलंय. साक्षीदार म्हणून खाली तिची सही आहे.

पानं कुणी एकत्र केली ते मी लिहिलेलं नाही. ते नाव तुझं तू लिही.

आता खानदानाला कळेल. कळू दे.

काका

·

६ एप्रिल

काका, काकू,

पत्राला उशीर झाला. आठ दिवस कामावरून आले की मी नुसती झोपले.

तुमचा कागद २७ ला दुपारी आला. २८ ला साहेब समितीत माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी त्यांचं अर्धं पान वाचलं, दोष आढळला नाही वगैरे. मग मी उठले. तुमचा कागद वाचला, आकडा दाखवला, टेबलावरचं यंत्र सोबत नेलं होतं त्यावर माझी दोष असलेली जुनी आवृत्ती चढवून बुडबुडे सोडले. नवव्या बुडबुड्याला 'टुक' झालं आणि पंप चालू राहिला. समितीतल्या एका डॉक्टरीण बाईंनी विचारलं, हा बदल कुणी केला? मी नाव सांगितलं. रडले नाही. नंतर जिन्यात रडले.

ताईंचं निलंबन त्याच दिवशी रद्द झालं. तीनशे चाळीस यंत्रं आहेत वेगवेगळ्या गावांत, सगळ्यांवर दुरुस्ती चढवायचं काम सुरू झालं. ते मी करत नाही. मला ड्रायव्हरच्या कामावरून काढून पुस्तिका लिहायला बसवलंय. शिक्षा म्हणून, पण मी तक्रार केली नाही. पहिली पुस्तिका त्या बोर्डाचीच घेतली.

रविवारी ताईंच्या घरी गेले. माफी मागायची होती. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात चपलांची मांडणी. मला वाटलं होतं त्या चिडतील, नाहीतर आनंदाने मिठी मारतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी घडाघडा सगळं सांगितलं: पानं, रजिस्टर, ऑक्टोबर, माझं नाव. किती कळलं देव जाणे.

मग म्हणाल्या, "आवाजाचं लिहून दिलं त्याच्या आधी, वीस तारखेलाच, मी वेगळं लिहून दिलं होतं. नळी नीट बसवली नसेल म्हणून. वरिष्ठ म्हणाले लिहून द्या, लवकर मिटेल. घरीही सगळे म्हणाले, यंत्र कशाला खोटं बोलेल, तुझंच दमल्यामुळे काहीतरी झालं असेल. मग मलाही तसंच वाटायला लागलं. रोज आठवून बघायची, टुक झालं होतं का. तुम्हाला त्या दिवशी ठासून सांगितलं, पण आठवून आठवून तो आवाज निघूनच गेला."

आणि मग बारीक आवाजात, जणू माझ्याकडे उपकार मागावेत तसं विचारलं, "खरंच झाला होता ना?"

मी म्हटलं, "झाला होता ताई. अकरा वाजून सहा मिनिटं आणि बावीस सेकंदांना."

त्यांनी पदराचा काठ सारखा केला. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "माझे मिस्टर आत आहेत. त्यांना सांगाल?"

मी आत गेले. ते टीव्ही बघत होते. मी उभ्यानेच सांगितलं, आवाज झाला होता, वेळही सांगितली, आणि चूक माझी होती हेही. त्यांनी टीव्ही बंद केला. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं.

तुमची मुंगी